दोन नळ्यांचा कौल

माझ्या आईने एकशे बारा प्रवाशांना आकाशातून सुखरूप खाली आणलं, आणि त्याच आठवड्यात तिचं विमान चालवणं बंद करण्यात आलं. हे वाचून तुम्हाला कोडं पडलं असेल. मलाही पडलं होतं. फरक एवढाच, की माझं कोडं रोज सकाळी घरच्या कपड्यांत ओट्याशी उभं राहून गुपचूप चहा करत असे.

मी मृण्मयी देवतळे, सातवीत आहे, आम्ही नागपूरला राहतो. माझ्या आजोबांच्या लहानपणी म्हणे प्रत्येक प्रवासी विमानात दोन वैमानिक असत. आता डाव्या खुर्चीत माणूस असतो आणि उजव्या खुर्चीत सारथी. सारथी म्हणजे विमान चालवायला शिकवलेला यंत्रमानव. त्याला दोन हात आहेत, शांत आवाज आहे आणि तो कधीच दमत नाही. माझी आई, कॅप्टन शर्वाणी देवतळे, गेली सहा वर्षं सारथीच्या शेजारी बसून विमान चालवत होती. आणि सारथीची बुद्धी ज्यांनी घडवली ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. मनोहर देवतळे. ते आईचे वडील, माझे आबाजी; आई आणि मी त्यांचंच आडनाव लावतो. त्यामुळे भांडण घरातच होतं, फक्त कोणी मोठ्याने भांडत नव्हतं.

घडलं ते असं. आईचं विमान कोकणातल्या एका छोट्या विमानतळावरून नागपूरकडे निघालं. ढगांत शिरल्यावर थोड्याच वेळात सारथी म्हणाला, "कॅप्टन, वेग मर्यादेबाहेर चालला आहे. मी विमानाचं नाक वर घेतो आणि इंजिनांची ताकद कमी करतो." तो तसं करूही लागला. आईने त्याला थांबवलं, स्वयंचलित यंत्रणा बंद केली आणि विमान स्वतःच्या हातात घेतलं. कॉकपिटमधले आवाज टिपणारी एक मजबूत पेटी विमानात असते. त्या पेटीत आईचं पुढचं वाक्य स्पष्ट ऐकू येतं: "मला वेग माहीत नाही."

अर्ध्या तासाने तिने विमान एका मोठ्या धावपट्टीवर अलगद उतरवलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. पण ते एक वाक्य बातम्यांत गेलं आणि सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटलं. शाळेत मला उशीर झाला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "हिच्या आईला वेग माहीत नाही आणि हिला वेळ!" मी हसायचे. घरी येऊन रडायचे.

चौकशी समिती नेमली गेली. विमान उतरल्यावर वेग मोजणाऱ्या तीन नळ्यांपैकी दोन नळ्यांत माती सापडली होती, म्हणजे सारथी चुकला होता हे समितीलाही मान्य होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. हवेत असताना कॅप्टनना ती माती दिसत नव्हती. मग तीनपैकी दोन यंत्रं एकच गोष्ट सांगत असताना त्यांनी कशाच्या आधारावर ऐकलं नाही? तो निव्वळ अंदाज असेल, तर आज लागला, उद्या लागेलच असं नाही. अंदाजावर चालणाऱ्या माणसाच्या हाती विमान देता येणार नाही. सोमवारी शेवटची सुनावणी होती आणि शेवटचे साक्षीदार आबाजी होते. ते बापलेक आहेत हे समितीला माहीत होतं, पण सारथीच्या डोक्यात काय चालतं हे आबाजींइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी मी घरामागच्या प्रयोगशाळेत गेले. आबाजी टेबलाशी बसून साक्ष लिहीत होते.

"काय करून राहिली गं इथं? जेवली का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आबाजी, उद्या तुम्ही काय सांगणार?"

"जे खरं आहे ते."

"आणि खरं काय आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे पाय पोरी, शर्वाणीचा अंदाज बरोबर निघाला. देवाची कृपा. पण अंदाज तो अंदाजच. उद्या मी म्हटलं की माही लेक बरोबर होती, तर लोक म्हणतील, बापानं झुकतं माप दिलं."

"म्हणून तुम्ही उलटं माप देणार?" मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच होता. आबाजी मला रागावले नाहीत. त्यांनी खणातून त्या विमानाची एक धातूची नळी काढून माझ्यासमोर ठेवली. बोटभर जाड, मधोमध उभी चिरलेली.

"आधी समजून तर घे. ही पिटो नळी (विमानाच्या नाकाजवळ बसवलेली, समोरून हवा घेणारी वेगमापक नळी). स्कूटरवर मागं बसून तोंड उघडं ठेवलं की गाल फुगतात ना? वेग वाढला की आणखी फुगतात. तसं हे विमानाचं उघडं तोंड. समोरून येणारी हवा आत किती दाब देते ते ही नळी मोजते. विमानाच्या अंगावर दुसरीकडं एक भोक असतं, ते बाहेरच्या शांत हवेचा दाब सांगतं. या दोन दाबांतला फरक काढला की वेग कळतो."

"आणि अशा तीन नळ्या."

"तीन. एक बिघडली तर कळावं म्हणून. सारथी तिघींना विचारतो आणि दोघी सांगतील ते खरं धरतो. तिसरीला गप्प बसवतो. याला आम्ही कौल घेणं म्हणतो. पन्नास वर्षं हाच नियम चालत आला आहे."

मी नळीत वाकून पाहिलं. आत नखाएवढा तांबूस गोळा घट्ट बसला होता. नखाने खरवडला तरी निघेना.

"ही कोणाची करामत, माहीत आहे?" आबाजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. कडीच्या भोकात मातीचं एक इवलंसं घर होतं. मला ते ओळखीचं होतं. कुंभारीण माशी ओला चिखल तोंडात धरून आणते आणि मिळेल त्या भोकात अंड्यांसाठी घर बांधते. आमच्या कुलपात, नळाच्या तोंडात, एकदा तर माझ्या बासरीतही तिने बांधलं होतं.

"पण विमान उभं असताना नळ्यांवर टोप्या घालतात ना? लाल फिती लोंबत असतात, त्या?"

"घालतात. त्या दिवशीही घातल्या होत्या. सकाळी उड्डाणाआधी काढल्या आणि यादीत 'टोप्या काढल्या' यापुढं बरोबरची खूण केली. मग धुकं आलं. उड्डाण चार तास लांबलं. यादीत खूण झालेलीच होती, म्हणून परत कोणी तिकडं पायलं नाही. खूण बरोबर होती आणि नळ्या उघड्या होत्या. कुंभारणीला चार तास म्हणजे बाप्पा, बंगला बांधून होतो! डाव्या बाजूच्या दोन्ही नळ्यांत तिनं काम सुरू केलं होतं, उजवीकडची राहून गेली."

"मग विमान धावायला लागलं तेव्हाच का नाही कळलं?"

"कारण घरं अर्धवट होती. हवा जायला फट होती. धावपट्टीवर तिन्ही नळ्या खरं बोलल्या. विमान वर गेलं, समोरच्या हवेनं ओली माती आत रेटली. आणि नळीत बर्फ साचू नये म्हणून आम्ही तिच्यात शेगडी ठेवतो, त्या शेगडीनं माती भाजून पक्की केली. माती कुंभारणीची, भट्टी आमची. तयार काय झालं? कौल!"

त्यांना हसायचं होतं, पण हसू आलं नाही. मराठीत छपरावरच्या भाजलेल्या मातीच्या पन्हाळीलाही कौल म्हणतात आणि निर्णयालाही. त्या दिवशी दोन नळ्यांनी दिलेला कौल खरोखर मातीचा होता.

"पण नळी बुजली तर वेग शून्य दाखवायला हवा. वाढला कसा?"

"चिखलदऱ्याला जाताना चिवड्याचं पाकीट फुगलं होतं, आठवते? आतली हवा तेवढीच होती. वर जाताना बाहेरची विरळ झाली, म्हणून पाकीट फुगलं. बुजलेली नळी म्हणजे ते बंद पाकीट. विमान वर चढत गेलं तसा बाहेरचा दाब कमी झाला, आतला तेवढाच राहिला. दोन्हींतला फरक वाढला. यंत्राला वाटलं, वेग वाढला. ताशी चारशे साठ किलोमीटर होता, पाचशे दिसला, मग सहाशे. आणि दोन्ही नळ्यांचं एकमत!"

आता मला कळलं. आणि कळल्यावर भीती वाटली. "आबाजी, आईने सारथीचं ऐकलं असतं तर?"

त्यांनी ती नळी परत खणात ठेवली. कोपऱ्यात सिम्युलेटर होता (जमिनीवर राहूनच विमान चालवण्याचा हुबेहूब अनुभव देणारी खोली). उजव्या खुर्चीला सारथीचे दोन हात बसवलेले होते. मी सरळ जाऊन डाव्या खुर्चीत बसले. "चालवा," मी म्हणाले.

आबाजी दारातच घुटमळले. मग त्यांनी आत येऊन त्या दिवसाचं उड्डाण सुरू केलं. समोरच्या काचेत पांढरे ढग आले, खुर्ची थरथरू लागली. माझ्यापुढे दोन आकडे वाढत होते आणि पलीकडे उजवीकडचा तिसरा आकडा स्थिर होता.

"कॅप्टन, वेग मर्यादेबाहेर चालला आहे," सारथी म्हणाला. "मी नाक वर घेतो आणि ताकद कमी करतो."

"घे," मी म्हणाले.

नाक वर उठलं. इंजिनांचा आवाज उतरला. विमान चढत होतं म्हणून खोटे दोन आकडे आणखी वाढले, म्हणून सारथीने नाक आणखी वर घेतलं, म्हणून ते आणखी वाढले. तिसरा आकडा मात्र उतरत होता. चारशे, साडेतीनशे, तीनशे. मग खुर्ची जोरजोराने हादरू लागली.

"पंखांचा आधार सुटतोय," आबाजी माझ्यामागून पुटपुटले. "पंखांवरून हवा पुरेशा वेगानं वाहिली तरच ते विमान उचलून धरतात. नाक फार वर आणि वेग फार कमी झाला की हवा पंखांना सोडून देते. मग ते विमान राहत नाही, नुसता धोंडा होतो."

"वेग अजूनही जास्त आहे," सारथी शांतपणे म्हणाला. तेच त्याचं शेवटचं वाक्य. काचेतले ढग गरगरले, मग समुद्र दिसला, मग काळोख झाला.

एकशे बारा माणसं आणि माझी आई. मला रडू आवरेना. मागे वळून पाहिलं तर आबाजी अजून त्या काळ्या काचेकडेच बघत होते.

"मी हे असं चालवून पायलंच नव्हतं," ते म्हणाले. "पेटीत जे घडलं ते दहादा पायलं. तिनं ऐकलं असतं तर काय झालं असतं, ते पाहायची हिंमत नाही झाली. आत माही पोर होती ना."

मग मी डोळे पुसून म्हणाले, "आता आईने केलं तसं चालवा. तिच्या आवाजासकट."

आबाजींनी पेटीतल्या आवाजाची प्रत लावली. त्यांच्या हातात त्या संवादाचा कागद होता. तो सारथीनेच ऐकून उतरवलेला होता आणि समितीपुढेही तोच कागद होता. त्यावर असं लिहिलं होतं: 'कॅप्टन: मला वेग माहीत नाही. (यानंतर कॅप्टन पुटपुटतात. प्रार्थना.)'

घंटा वाजत होती, इंजिनं घरघरत होती. आईचं ते वाक्य आलं. नंतर अगदी हळू, एका लयीत, "…दहा… …ढाई… …पाच… …ढाई…"

ही लय मी रोज संध्याकाळी ऐकत होते.

"आबाजी, ही प्रार्थना नाही! हे आईचे पाढे आहेत!"

"कसले पाढे?"

आबाजी संध्याकाळी प्रयोगशाळेत असतात, त्यांना कसं माहीत असणार! आई पोळ्या लाटताना रोज काहीतरी म्हणते. लाटण्याच्या ठेक्यावर. मी लहान असताना मला वाटायचं की ते कणकेचं प्रमाण आहे. माझे बाबा त्याला आईचे पाढे म्हणतात. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झाले आहेत. मी म्हणून दाखवले: "खाली चढता दहा, ताकद चढाई. वर चढता पाच, ताकद चढाई. सपाटीला तीन, ताकद साठ. उतरणीला एक, ताकद तीस."

आबाजींनी कागद बाजूला टाकला. आवाज संथ करून त्यांनी तो तुकडा चार वेळा लावला. मी बरोबर म्हणत गेले. शब्दाला शब्द जुळला. मग त्यांनी यंत्रांच्या नोंदी काढल्या. पुटपुटणं सुरू झाल्यापासून सात सेकंदांत विमानाचं नाक क्षितिजापासून बरोबर दहा अंशांवर आलं होतं आणि इंजिनांचा दांडा चढाईच्या खुणेवर. ना एक अंश जास्त, ना कमी. अंदाजाने हात मारणाऱ्या माणसाचं असं जुळत नाही.

"खाली म्हणजे कमी उंचीवर, दहा अंश म्हणजे नाक किती वर, आणि ताकद म्हणजे इंजिनांची, शंभरातली किती ती," मी मोठ्याने विचार करत होते. "आबाजी, मी सेमिनरी हिल्सच्या चढावर सायकल नेते. चढ तोच असेल आणि मी पायडल तेवढ्याच जोराने मारत असेन, तर वेग रोज साधारण तेवढाच येणार. मीटर म्हणाला की आज दुप्पट वेग आहे, तर माझे पाय खोटे की मीटर?"

"मीटर," आबाजी हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं आणि काहीतरी दुखतही होतं. "म्हणजे तिला वेग माहीत नव्हता. पण एवढं नाक आणि एवढी ताकद ठेवली की वेग किती असलाच पाहिजे, हे माहीत होतं. वेगमापकाची गरजच नाही!"

"पण नाक दहा अंशच वर आहे, हे तरी कोण सांगतं?"

"भोवरा. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही. त्यावरच आमचं क्षितिजयंत्र चालते (विमान किती कललं आहे हे दाखवणारं यंत्र). त्याला हवा लागत नाही की भोक लागत नाही. कुंभारीण शिरंल कुठून?"

"मग सारथीने भोवऱ्याला का नाही विचारलं?"

मला गेल्या सहामाहीची आठवण झाली. सांगायला लाज वाटत होती, पण सांगितलं. "गणिताच्या पेपरात केतकीचं आणि माझं उत्तर एकच आलं होतं, सत्तेचाळीस. दोघींचंही चूक. बाई म्हणाल्या नाहीत, की दोघींचं सारखं आहे म्हणजे बरोबर असेल. त्या म्हणाल्या, कोणी कोणाचं पाहिलं?"

"कोणी कोणाचं पायलं?"

"ते महत्त्वाचं नाही, आबाजी."

या वेळी ते खरंच हसले. मग उठून त्यांनी आपली लिहिलेली साक्ष मधोमध फाडली. "पन्नास वर्षं आम्ही धरून चाललो, की दोन नळ्या एकाच वेळी सारख्याच बिघडणार नाहीत. पण दोघी शेजारी उभ्या, दोघींच्या टोप्या निघालेल्या, दोघींत एकच माती. याला समान कारणाची चूक म्हणतात (एकाच कारणाने अनेक यंत्रं एकदम आणि एकसारखी चुकणं). अशा वेळी त्यांचं एकमत म्हणजे पुरावा नाही, ते एकच खोटं दोनदा ऐकणं झालं. विचारायचं तर वेगळ्या घरच्याला विचारावं. शर्वाणीनं तेच केलं."

"मी समितीला हे सांगितलं होतं, बाबा."

आई दारात उभी होती. केव्हा आली कोण जाणे. "ते म्हणाले, मागाहून कोणीही सांगेल."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

आबाजींनी मान खाली घातली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता विचारतो. सांग."

आई बसली. "भीती वाटली, बाबा. घंटा वाजत होती, सारथी पुनःपुन्हा सांगत होता, पण विमानाचं नाक वर जात होतं आणि इंजिनांचा आवाज उतरत होता. नाक वर, ताकद कमी, मग वेग वाढेल कसा? सूर जुळत नव्हता. अशा वेळी हात आपोआप काहीतरी ओढायला धावतात. म्हणून आम्हाला शिकवतात, क्षणभर हात मांडीवर ठेवा. मी ठेवले. आणि जे मला माहीत नव्हतं ते मोठ्याने म्हटलं. म्हटलं नाही ना, तर माणूस खोट्या आकड्याला धरून बसतो. मग पाढे. विमान स्थिर झालं, मग वळले, डोंगर सोडून समुद्राच्या बाजूला. आणि मग नियंत्रण कक्षाशी बोलले."

"त्याला दीड मिनिट लागलं. समितीनं तोही दोष धरला आहे."

"आधी विमान सांभाळायचं, मग दिशा ठरवायची, मग बोलायचं. क्रम बदलला की माणसं मरतात. सपाट उडायला लागल्यावर मी तीन अंश, ताकद साठ लावली. पाढ्याप्रमाणे वेग चारशे तीस यायला हवा होता. उजवीकडची नळी चारशे तीस दाखवत होती. नियंत्रण कक्षाने रडारवरून सांगितलेला वेग वाऱ्याचा हिशेब धरून तेवढाच निघाला. तेव्हा कुठे मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तिच्या भरवशावर उतरले."

माझी आई शूर आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. ती किती पद्धतशीर आहे हे त्या दुपारी कळलं.

सोमवारी सुनावणीच्या दालनात मी मागच्या रांगेत बसले होते. आबाजींनी आधी सिम्युलेटरमधलं माझं उड्डाण दाखवलं, काळोख होईपर्यंत. मग आईचा आवाज संथ करून ऐकवला आणि शेजारी तिच्या कंपनीचं सरावाचं पुस्तक ठेवलं. आकडे तेच होते. ठेका तेवढा पोळपाटावरचा होता.

अध्यक्षबाईंनी साक्षीसाठी आणलेल्या सारथीकडे पाहिलं. "सारथी, तू इथे 'प्रार्थना' असं कशावरून लिहिलंस?"

"शब्द स्पष्ट नव्हते. लय होती. सर्वांत जास्त शक्यता प्रार्थनेची होती."

"मग 'कळलं नाही' असं का नाही लिहिलंस?"

"तसं लिहिण्याची माझ्यात सोय नाही," सारथी म्हणाला.

आबाजी उठून उभे राहिले. सभेत बोलताना ते नेहमी पुस्तकी मराठी बोलतात, पण तेव्हा त्यांचा आवाज घरच्यासारखाच होता. "ती सोय मी ठेवली नाही, बाईसाहेब. मला वाटलं, यंत्रानं कधी अडखळू नये. म्हणून मी त्याला नेहमी उत्तर द्यायला शिकवलं. त्या विमानात ज्याला वेग 'माहीत' होता तो चुकला, आणि जिनं माहीत नाही म्हटलं तिनं सगळ्यांना वाचवलं. चूक माही आहे. माह्या लेकीची नाही."

आईने चेहरा ओंजळीत झाकून घेतला. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

आठ दिवसांनी निकाल आला. आईला तिचं विमान परत मिळालं. उड्डाण लांबलं तर नळ्यांच्या टोप्या परत घालायच्या आणि यादीतली खूण खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नियम झाला. आणि सगळे सारथी दुरुस्तीसाठी आबाजींच्या हाती आले.

सात महिने त्यांच्या प्रयोगशाळेतला दिवा रात्रंदिवस चालू असायचा. सारथी आता नळ्यांचा नुसता कौल घेत नाही. भोवऱ्याला विचारतो, इंजिनांना विचारतो, उपग्रहांना विचारतो, आणि कोणाचं कोणाशी जुळत नाही ते बघतो. आबाजी म्हणतात की आणखी काही वर्षांनी मंगळावर यानं उतरतील तेव्हा त्यांच्यातही हाच सारथी असेल, आणि तिथे विचारायला नियंत्रण कक्षही जवळ नसेल. त्या यानांसाठी पाढे तयार करायचं काम मी आत्तापासूनच मागून ठेवलं आहे.

शेवटच्या चाचणीला आई सिम्युलेटरच्या डाव्या खुर्चीत बसली. मी आणि आबाजी मागे उभे होतो. ढग आले. आबाजींनी हळूच बटण दाबून दोन नळ्या बुजवल्या. आकडे वाढू लागले. चारशे साठ, पाचशे, साडेपाचशे.

सारथी काही बोलला नाही. एक सेकंद, दोन, तीन. यंत्राला असं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आबाजींनी माझा हात घट्ट धरला.

"कॅप्टन," सारथी म्हणाला, "मला वेग माहीत नाही."

आईने हात मांडीवर ठेवले आणि एक श्वास घेतला.

"मलाही नाही, बाळा," ती म्हणाली. "चल, पाढे म्हणू."